राहून गेलेलं करायला घेताना

मेरी डेलनी यांचा जन्म इंग्लंडमधला, १७०० सालचा. १७७२ मध्ये, म्हणजे वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी रंगीत कागद कातरून फुलं करायला घेतली. मागे काळा रंगवलेला कागद, आणि त्यावर पाकळी, पुंकेसर, देठ, पानाची शीर असं सगळं कात्रीने कापलेल्या बारीक तुकड्यांतून उभं केलेलं. काही फुलांत असे शेकडो तुकडे आहेत. पुढची दहा वर्षं हेच काम चाललं आणि नजर अगदीच अधू झाली तेव्हा थांबलं. तोवर जवळपास हजार फुलं झाली होती. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि झाडाची जात ओळखता यावी इतकी नेमकी आहेत.

उतारवयातल्या यशाचा विषय निघाला की हे नाव घेतलं जातं, पण त्यातला उपयोगाचा भाग सांगायचा राहतो. डेलनीबाईंनी जन्मभर भरतकाम केलं होतं, त्याचे नमुने स्वतः आखले होते. कागद कातरून छायाकृती केल्या होत्या, शिंपल्यांची कलाकुसर केली होती, झाडाफुलांचा अभ्यास केला होता. बहात्तराव्या वर्षी त्यांच्या हातातली कात्री जुनीच होती आणि झाडांची ओळखही जुनीच. नवी होती ती या सगळ्याची सांधेजोड.

पन्नाशी-साठीनंतर काही सुरू करायचं असेल, तर पहिलं काम हेच: आपल्या हाताला आधीपासून काय येतं, याची मोजदाद. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांनी लिथियम बॅटरीसाठी कोबाल्ट ऑक्साइडचा उपयोग शोधला तो १९८० मध्ये, पन्नाशीच्या उत्तरार्धात. नोबेल मिळालं २०१९ मध्ये, ९७ व्या वर्षी. पण त्याआधी कित्येक वर्षं त्यांनी संगणकाच्या स्मृतीसाठी ऑक्साइडच्या पदार्थांवरच काम केलं होतं. बॅटरीचं क्षेत्र नवीन, पदार्थ ओळखीचा. अमेरिकेतल्या उद्योगांच्या एका मोठ्या अभ्यासातही हेच दिसलं. सर्वांत वेगाने वाढलेल्या नव्या कंपन्या काढणाऱ्यांचं सरासरी वय ४५ निघालं, आणि त्याच क्षेत्रात आधी काम केलेल्यांची यशाची शक्यता बरीच जास्त होती.

मोजदाद करताना हुद्दा लिहू नका, क्रिया लिहा. ‘शिक्षिका’ असं लिहिलं तर त्यातून काहीच निघत नाही. ‘अवघड गोष्ट चाळीस जणांना एकदम समजावणं’ असं लिहिलं तर निघतं. ‘हिशेबनीस’ऐवजी ‘आकड्यांच्या रांगेतली चूक नजरेला टोचणं’. घर चालवणाऱ्या व्यक्तीने ‘काही नाही, घरीच होते’ असं म्हणायचं नाही; ‘दहा कामं एका वेळी मार्गी लावणं’, ‘आजारी माणसाची औषधं वर्षानुवर्षं वेळेवर देणं’ हे लिहायचं. वीस-पंचवीस क्रिया होईपर्यंत उठू नका. पहिल्या आठ-दहा सहज सुचतात, पण कामाच्या बहुधा पंधरानंतरच्या असतात, कारण त्या इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की कौशल्य म्हणून दिसतच नाहीत. मग राहून गेलेली गोष्ट शेजारी लिहा आणि कोणत्या क्रिया तिला जोडता येतात ते पाहा. एकही जुळत नसेल तरी हरकत नाही, फक्त सुरुवात तळापासून आहे हे आधी कळतं आणि पहिल्या वर्षाकडून अपेक्षा बेताची राहते.

दुसरं काम म्हणजे स्वप्नाचं माप काढणं. ‘लेखक व्हायचंय’, ‘गायचंय’, ‘पदवी घ्यायचीय’ याने दिवसाचं काम ठरत नाही. लिखाणाचं माप काढून पाहू. दिवसाला ३०० शब्द, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे १,५०० शब्द. ६०,००० शब्दांचा पहिला खर्डा ४० आठवड्यांत होतो. त्यानंतर तो दीड महिना बाजूला ठेवायचा, मोठ्या टाइपात छापून घ्यायचा आणि मोठ्याने वाचायचा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य दुरुस्त करायचं. पुनर्लेखनाला पहिल्या खर्ड्याइतकाच वेळ धरा. म्हणजे एकूण पावणेदोन ते दोन वर्षं. हे गणित ऐकून कुणाचा जीव दडपत असेल, तर ते आत्ताच झालेलं बरं. सहाव्या महिन्यात ‘अजून पुस्तक का झालं नाही’ म्हणून वही फेकण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. आणि हो, खर्डा पुरा होईपर्यंत पहिली पानं पुन्हा वाचायची नाहीत. अडकलेली बहुतेक पुस्तकं पहिल्या तीस पानांच्या डागडुजीत अडकलेली असतात.

आता शरीर. याबद्दल प्रेरणादायी मजकुरात एक शब्दही नसतो, आणि बहुतेक प्रयत्न बंद पडतात ते इथेच.

डोळ्यांपासून सुरुवात करू, कारण वाद्य शिकणाऱ्यांचा सगळ्यात हमखास घोटाळा तोच. चाळिशीचा चष्मा साधारण ३५ ते ४० सेंटीमीटरवरचं वाचण्यासाठी असतो. वाद्यासमोरच्या स्टँडवरचा कागद असतो ६० ते ७० सेंटीमीटरवर. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून तो वरच्या भागातून धूसर दिसतो आणि खालच्या भागातूनही धूसरच. मग माणूस हनुवटी वर करून खालच्या भिंगातून पाहायला लागतो. मान मागे झुकते, खांदे चढतात, आणि दोन आठवड्यांत मानेला रग लागते. दोष वयाला दिला जातो. उपाय साधा आहे: रोजच्या पद्धतीने वाद्य घेऊन बसायचं, डोळ्यापासून कागदापर्यंतचं अंतर टेपने मोजायचं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना तो आकडा सांगून फक्त त्या अंतराचा एकेरी चष्मा करून घ्यायचा. चित्र काढणाऱ्यांनी, संगणकावर लिहिणाऱ्यांनीही हेच करावं. शिवाय प्रकाश वाढवा. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्यापेक्षा बराच कमी उजेड पोहोचतो. लिहिणाऱ्या हाताची सावली कागदावर पडणार नाही अशा बाजूने दिवा ठेवा.

स्नायू आणि त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा यांचा वेगही वेगळा असतो. व्यायाम सुरू केला की स्नायू काही आठवड्यांत बळकट वाटू लागतात, कंडरांना महिने लागतात. म्हणून पाचव्या-सहाव्या आठवड्यात, नेमकं ‘आता जमायला लागलं’ असं वाटतं तेव्हाच टाच किंवा गुडघा धरतो. धावायला सुरुवात करायची असेल तर पहिला आठवडा असा: पाच मिनिटं झपझप चालणं, मग ६० सेकंद हळू धावणं आणि ९० सेकंद चालणं, असे आठ फेरे. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सुट्टी. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे; दोन शब्दांत दम तुटत असेल तर वेग कमी करा. तरुणांसाठीच्या वेळापत्रकात दर आठवड्याला मात्रा वाढते. पन्नाशीनंतर प्रत्येक आठवडा दोनदा करावा, असं माझं मत आहे. रक्तदाब, मधुमेह, हृदयाचं दुखणं किंवा बरीच वर्षं बैठं आयुष्य असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, आणि छातीत दडपण आलं तर त्या क्षणी थांबा.

शरीर मात्र वयामुळे दाद द्यायचं बंद करत नाही. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नव्वदीच्या आसपासच्या अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम करून घेतले, आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. माणसं मोजकीच होती, पण नव्वदीतला स्नायू प्रतिसाद देतो एवढं त्यातून स्पष्ट झालं.

युइचिरो मिउरा हे जपानी गिर्यारोहक ७०, ७५ आणि ८० अशा वयांत तीनदा एव्हरेस्टवर गेले. मधल्या काळात हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर शस्त्रक्रियाही झाल्या. २०१३ च्या, ऐंशीव्या वर्षीच्या चढाईत त्यांनी तरुणांचं वेळापत्रक वापरलं नाही. दिवसाचा अर्धाच भाग चालायचं, उरलेला विश्रांतीचा, आणि एकूण दिवस जास्त घ्यायचे. शिखर तेच, मात्रा निम्मी. मला ही युक्ती शिखरापेक्षा मोठी वाटते, कारण ती वाद्यालाही लागू पडते, अभ्यासालाही.

वाद्याचंच घ्या. चाळीस मिनिटांच्या एका बैठकीपेक्षा वीस मिनिटांच्या दोन, एक सकाळी आणि एक संध्याकाळी, जास्त देतात. बोटं ताजी राहतात, आणि मधल्या वेळात विसरलेलं पुन्हा आठवावं लागल्यामुळे ते पक्कं होतं. अवघड वाटणारा अगदी छोटा तुकडा घ्या, चार-सहा सेकंदांचा. मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा. त्या लयीत सलग पाच वेळा बिनचूक आला की ४ ठोके वाढवा. चुकलं की ८ ठोके मागे या. हे कंटाळवाणं आहे, पण गरजेचं आहे, कारण हात खरं-खोटं ओळखत नाही. चूक वीसदा वाजवली की चूकही हातात बसते, आणि ती काढायला बसवण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

आता सगळ्यात नाजूक जागेविषयी. मोठ्या वयात डोकं लवकर समजतं आणि हात उशिरा. लहान मुलाला सूर चुकलाय हे कळतही नाही, म्हणून ते मजेत चुकत राहतं. चाळीस वर्षं चांगलं संगीत ऐकलेल्या माणसाला स्वतःचा प्रत्येक बेसूर स्वर लख्ख ऐकू येतो. चित्रं पाहत आलेल्याला आपल्या रंगाचा चिखल झालेला दिसतो. आवड तयार झालेली, हात अजून कच्चा. हे अंतर साधारण तिसऱ्या आठवड्यात असह्य होतं आणि ‘आपल्यात ते नाहीच’ असा निष्कर्ष निघतो. खरं तर ऐकू येतंय हीच जमेची बाजू आहे. कान तयार व्हायला लागणारी वर्षं आधीच भरून झालेली आहेत. व्यवहारात एवढंच करायचं: पहिल्या दिवशी दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून ठेवायचं, ते ऐकायचं नाही, आणि बारा आठवड्यांनी तेच पुन्हा करून दोन्ही शेजारी-शेजारी ऐकायचं. कालच्या आणि आजच्या वाजवण्यात फरक कळत नाही. बारा आठवड्यांचा कळतो.

सवयीबद्दल एक आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये झालेल्या अभ्यासात नवी कृती आपसूक व्हायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसागणिक आणि कृतीगणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एकवीस दिवसांत सवय लागते हे ऐकीव गणित सोडून द्या. त्याच अभ्यासात असंही दिसलं की एखादा दिवस चुकल्याने फार बिघडत नाही. तेव्हा खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करायची नाही. नेहमीची मात्रा घ्यायची आणि पुढे चालायचं. भरपाईच्या नादात हात दुखावतो आणि एका दिवसाच्या खाड्याचे दहा होतात.

वेळ कुठून काढायचा? निवृत्तीनंतर वेळच वेळ असतो हा गैरसमज आहे. मोकळा दिवस दिसला की घरातली, नात्यातली, सोसायटीतली कामं त्यात शिरतात. वेळेपेक्षा आधी जागा ठरवा: एक टेबल, एक खुर्ची, आणि सामान उघडंच राहील असा एक कोपरा. रोज रंग काढा, पाणी भरा, पुन्हा आवरा यातच पंधरा मिनिटं जात असतील, तर वीस मिनिटांचा सराव टिकणार नाही. घरच्यांना ‘मला वेळ हवाय’ असं मोघम सांगू नका. ‘सकाळी सात ते साडेसात मी फोन घेणार नाही’ असं सांगा. मोघम मागणीला सगळे हो म्हणतात आणि कुणीच पाळत नाही.

परीक्षा द्यायची असेल तर दोन गोष्टी. एक, धडा पुन्हा-पुन्हा वाचल्याने ओळखीचा वाटतो, पण आठवत नाही. वाचून झाला की पुस्तक मिटा आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहा. मग एक, तीन, सात आणि एकवीस दिवसांनी तेच करा. दुसरी गोष्ट हाताची. वर्षानुवर्षं सहीपुरतं पेन धरलेल्या माणसाला तीन तास लिहिता येत नाही. दीड तासाने अंगठ्याच्या मुळाशी कळ येते आणि येत असलेली उत्तरं सुटतात. त्यासाठी वेगळा सराव लागतो. पहिल्या बैठकीला अर्धा तास सलग लिहा, दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवा. दहा आठवड्यांनी तीन तास होतात. पेन जाड पकडीचं घ्या आणि ते फार घट्ट धरू नका.

शिक्षक निवडताना नावापेक्षा एक चाचणी उपयोगी पडते. आधी शिकवणीच्या चार तासांपुरतंच ठरवा. पहिल्याच भेटीत तीन गोष्टी सांगा: नेमकं काय करायचंय, रोज किती वेळ आहे, आणि शरीराची कोणती अडचण आहे. चारही तासांत त्यांनी दर वेळी एक तरी चूक नेमकी दाखवून ती घरी कशी सुधारायची हे सांगितलं का? ‘छान, छान, या वयात एवढं येतंय म्हणजे खूपच’ असं म्हणणारा शिक्षक प्रेमळ असेल, पण त्याच्याकडून शिकणं होत नाही. ‘या वयात आता काय’ म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. शिक्षक पोराच्या वयाचा निघाला तर त्याला गुरूचाच मान द्या. तासाच्या वेळात आपले अनुभव ऐकवत बसण्याचा मोह मोठा असतो आणि त्यात शिकण्याची मिनिटं जातात.

पैशांविषयी मी कडक आहे. एक रक्कम बाजूला काढा, जी पूर्ण बुडाली तरी महिन्याच्या खर्चाला धक्का लागणार नाही. वर्षभराचा घरखर्च, आजारपणाची तरतूद आणि राहतं घर यांना हात लावायचा नाही, जोडीदार कितीही उत्साहाने हो म्हणाला तरी. साधनं पहिले नव्वद दिवस उसनी किंवा भाड्याने घ्या. महागडं वाद्य, धावण्याचं घड्याळ, रंगांचा मोठा संच आधी घेतला की घेतल्याचंच समाधान होतं आणि काम तसंच राहतं. व्यवसाय काढायचा असेल तर जागा घेण्याआधी दहा ग्राहक मिळवा, पूर्ण दाम मोजणारे. नातेवाईक आणि जुने सहकारी त्यात धरू नका. त्या दहांतले किती जण न बोलावता परत आले, एवढाच आकडा पाहा.

तयार झालेलं कुणाला दाखवायचं, हाही प्रश्न असतोच. ॲना मेरी मोझेस या अमेरिकन शेतकरी बाई लोकरीने चित्रं भरायच्या. संधिवातामुळे सुई धरणं जड जाऊ लागलं तेव्हा सत्तरी उलटल्यावर त्या ब्रशकडे वळल्या. सुई गेली म्हणून चित्र सोडलं नाही, हे आधी लक्षात घ्यावं. पण त्यांची चित्रं कपाटात राहिली असती तर पुढचं काही घडलं नसतं. ती गावातल्या औषधाच्या दुकानात मांडलेली होती, १९३८ मध्ये तिथून जाणाऱ्या एका संग्राहकाला दिसली, आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कला त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं. तेव्हा त्या ऐंशी वर्षांच्या होत्या. दाखवताना पायरीपायरीने जा: आधी एक जाणकार, मग चार-पाच जण, मग अनोळखी माणसं. आणि ‘कसं वाटलं?’ हे विचारू नका, कारण त्याला सगळे ‘छान’ म्हणतात. लिखाण असेल तर ‘कोणत्या पानावर वाचायचं थांबवलंत?’ असं विचारा. गाणं असेल तर ‘कुठे लक्ष दुसरीकडे गेलं?’ चार जणांनी एकच जागा सांगितली तर तिथे काम करा. एकानेच सांगितली तर नोंद करून ठेवा आणि पुढे चला.

या वयात मोठे खंड पडतात. शस्त्रक्रिया होते, घरात आजारपण येतं, नातवंडं येतात, कुणीतरी जातं. तीन महिन्यांनी परत येताना जिथे सोडलं तिथून सुरू करायचं नाही. धावणं असेल तर पहिल्या आठवड्याच्या वेळापत्रकावर या, वाद्य असेल तर मेट्रोनोम २० ठोके खाली आणा, लिखाण असेल तर तीनशेऐवजी शंभर शब्द. डोक्यातलं बरंचसं शाबूत असतं, हाताला मात्र काही आठवडे द्यावे लागतात.

आणि नोंद ठेवा, पण तिचाच उद्योग होऊ देऊ नका. ॲप, रंगीत तक्ते काही नको. तारीख, मिनिटं आणि एक ओळ पुरे. ‘वीस मिनिटं. डावी करंगळी उशिरा येते.’ डेलनीबाई आपल्या फुलांच्या कागदामागे झाडाचं नाव, दिवस आणि ते कुठे केलं हे लिहून ठेवायच्या. अडीचशे वर्षांनी कोणतंही पान उलटलं की कळतं, त्या दिवशी त्या कुठे बसल्या होत्या आणि समोर कोणतं फूल होतं.